पाणी आणि हेप्टेन यांच्या सीमेवर सोन्याच्या नॅनोकणांचा एकपदरी पापुद्रा कसा तयार करावा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात ज्यांना द्रव-द्रव आंतरपृष्ठावर नॅनोकण बसवायचे आहेत, त्यांच्यासाठी ही कृती लिहिली आहे. पाण्यातील लाल रंगाचे सुवर्ण-कलिल (म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे सोन्याचे सूक्ष्म कण), त्यावर हेप्टेन या पाण्यात न मिसळणाऱ्या सेंद्रिय द्रवाचा थर आणि थेंब-थेंब इथेनॉल, एवढ्या साहित्यावर दोन्ही द्रवांच्या मध्ये सोन्यासारखा चकाकणारा पापुद्रा तयार होतो आणि तो पहिल्याच प्रयत्नात दिसण्याची शक्यताही बरीच असते. मात्र तो पापुद्रा एकाच थराचा आहे, की कुठे मोकळी जागा आणि कुठे चार-पाच थरांचे ढिगारे अशी त्याची अवस्था आहे, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून काचपात्राला हात लावण्यापूर्वी कणांचा हिशेब मांडावा आणि प्रयोग संपल्यावर तो हिशेब जुळतो का ते पाहावे, असा माझा आग्रह आहे. पुढील सर्व सूचना या आग्रहातून आल्या आहेत.

कण सीमेवर का थांबतात

घन कण दोन न मिसळणाऱ्या द्रवांच्या सीमेवर जाऊन बसतात, हे वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि स्पेन्सर पिकरिंग यांनी १९०७ मध्ये नोंदवले होते. अशा कणांनी स्थिर झालेल्या पायसांना (एका द्रवात दुसऱ्याचे बारीक थेंब असलेल्या मिश्रणांना) आजही पिकरिंग पायस असे म्हणतात. यामागील ऊर्जेचा सोपा हिशेब पिएरान्स्की यांनी १९८० मध्ये मांडला. कण सीमेवर बसला की त्याने व्यापलेल्या वर्तुळाएवढी पाणी-तेलाची सीमा नाहीशी होते आणि तेवढ्या क्षेत्राची ऊर्जा वाचते. कण सीमेतून पुन्हा बाहेर काढण्यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे पाय (π), त्रिज्येचा वर्ग आणि आंतरपृष्ठीय ताण (सीमेच्या एकक क्षेत्राची ऊर्जा) यांचा गुणाकार, आणि त्याला पुन्हा ‘एक वजा संपर्ककोनाचा कोसाइन’ या संख्येच्या वर्गाने गुणायचे. संपर्ककोन म्हणजे कणाला पाणी किती भिजवते ते सांगणारा, पाण्याच्या बाजूने मोजलेला कोन. (कोन ९० अंशांहून मोठा असल्यास कोसाइनचे चिन्ह सोडून फक्त मूल्य घ्यावे.)

या सूत्रात आपल्या प्रयोगातील आकडे घालून पाहू. कणाचा व्यास १६ नॅनोमीटर, पाणी-हेप्टेन आंतरपृष्ठीय ताण सुमारे ५० मिलिन्यूटन प्रति मीटर आणि संपर्ककोन ९० अंश असेल, तर ही ऊर्जा खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या सुमारे २,४०० पट येते. औष्णिक ऊर्जा म्हणजे येथे बोल्ट्झमन स्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार. असा कण आपणहून सीमा सोडून जाणे जवळपास अशक्य आहे. कणाचा व्यास २ नॅनोमीटरवर आणला तर तोच आकडा ३८ पटींवर येतो, आणि १६ नॅनोमीटरच्या कणाचा संपर्ककोन ९० ऐवजी ३० अंश धरला तर ४४ पटींवर. त्रिज्येचा वर्ग येत असल्यामुळे लहान कणांची पकड झपाट्याने सैल होते, आणि अतिशय लहान कणांना मोठे कण सीमेवरून हटवू शकतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील गटाने २००३ मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या कणांवर हेच दाखवले होते. नवख्या विद्यार्थ्याने पहिला प्रयोग २ नॅनोमीटरच्या कणांवर न करता १५ ते २० नॅनोमीटरच्या कणांवर करावा, असे मी सुचवतो ते याच कारणासाठी.

आता स्वाभाविक प्रश्न असा की एवढी ऊर्जा वाचत असेल, तर सायट्रेटने वेढलेले सोन्याचे कण नुसते हेप्टेन ओतल्यावर सीमेवर का येत नाहीत? या कणांवर ऋण प्रभार असतो, त्यांना पाणी मनापासून आवडते आणि त्यामुळे त्यांचा संपर्ककोन लहान राहतो. शिवाय सीमेवर आधी पोचलेले कण मागून येणाऱ्यांना दूर लोटतात. इथेनॉल घातले की कणांवरील प्रभाराची घनता कमी होते आणि संपर्ककोन ९० अंशांकडे सरकतो. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठातील गटाने २००४ मध्ये पाणी-हेप्टेन सीमेवर दाखवलेली हीच पद्धत येथे घेतली आहे.

आधी हिशेब

आतून ५ सेंटिमीटर व्यासाचे पात्र घेतले तर सीमेचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर होते. १६ नॅनोमीटर व्यासाचे गोल कण एकमेकांना टेकून षट्कोनी मांडणीत बसले, तर प्रत्येक कणाच्या वाट्याला सुमारे २२२ चौरस नॅनोमीटर जागा येते. भागाकार केल्यावर संपूर्ण सीमा एकाच थराने भरण्यासाठी ८.९ लाख कोटी कण लागतात.

कलिलात कण किती आहेत हे सोन्याच्या वजनावरून काढता येते. सोन्याच्या प्रत्येक घन नॅनोमीटरमध्ये ५९ अणू असतात, म्हणून १६ नॅनोमीटरच्या एका कणात सुमारे १ लाख २६ हजार अणू बसतात. सोन्याची संहती ०.२५ मिलिमोलर असेल आणि सगळे सोने कणांत उतरले असेल, तर एका मिलिलिटरमध्ये सुमारे १.२ लाख कोटी कण मिळतात. म्हणजे वरील पात्रासाठी साधारण साडेसात मिलिलिटर कलिल पुरेसे आहे. अनेक कृतींमध्ये कलिलाचे आकारमान दिलेले असते, पण पात्राचा व्यास दिलेला नसतो. अशी कृती निम्मीच म्हणायची, कारण तेच १५ मिलिलिटर कलिल अरुंद बाटलीत ढिगारे देईल आणि पसरट पेट्री डिशमध्ये अर्धवट थर.

कणांचा आकार बदलला तर सगळे गणित नव्याने करण्याची गरज नाही. सोन्याची संहती तीच ठेवल्यास लागणारे आकारमान कणाच्या व्यासाच्या सरळ प्रमाणात बदलते. ४० नॅनोमीटरच्या कणांसाठी त्याच पात्रात साडेअठरा मिलिलिटर लागेल.

कलिल

सोन्याच्या कलिलाचा लाल रंग मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये अभ्यासला होता. आज वापरली जाणारी सायट्रेटची पद्धत तुर्केविच व सहकाऱ्यांची, १९५१ मधील आहे, आणि सायट्रेटचे प्रमाण बदलून कणांचा आकार कसा ठरवायचा हे फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवले. त्यांच्या प्रमाणानुसार ०.०१ टक्के क्लोरोऑरिक आम्लाचे ५० मिलिलिटर द्रावण उकळत ठेवून त्यात १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचे १ मिलिलिटर द्रावण एकदम घातले, तर सुमारे १६ नॅनोमीटरचे कण मिळतात. अर्धा मिलिलिटर घातले तर ४१ नॅनोमीटरचे.

काचेची भांडी अम्लराजाने धुवावीत. तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक भाग नायट्रिक आम्ल, हे मिश्रण फ्युमहूडमध्येच आणि लागेल तेवढेच करावे. ते झाकण घट्ट लावून साठवू नये आणि ज्या भांड्यात ॲसिटोनचा किंवा इथेनॉलचा अंश राहिला असेल त्यात कधीही ओतू नये, कारण या मिश्रणाचा स्फोट होऊ शकतो. घाईच्या दिवशी भांडे ॲसिटोनने वाळवून लगेच अम्लराजाकडे नेण्याची सवय ज्यांना असेल, त्यांनी ती आजच सोडावी. क्लोरोऑरिक आम्ल घेताना धातूचा चमचा वापरू नये. ते धातूला खाते आणि सोने चमच्यावरच बसते.

द्रावण जोरात उकळू लागले आणि चुंबकीय दांडा व्यवस्थित फिरत असला की सायट्रेट घालावे. फिकट पिवळा रंग आधी जवळजवळ नाहीसा होतो, अर्ध्या मिनिटाच्या आसपास करडी-निळसर झाक येते, मग ती जांभळी होते आणि आणखी मिनिटभरात द्रावण लखलखीत लाल होते. त्यानंतर दहा मिनिटे उकळू द्यावे आणि ढवळतच थंड करावे. रिफ्लक्स कंडेन्सर नसेल तर वाफेने उडालेले पाणी मोजून परत भरावे, अन्यथा वरील हिशेबातील संहती चुकते.

नंतर शोषण-वर्णपट घ्यावा. शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास आणि अरुंद असावे; ६०० नॅनोमीटरच्या पुढे शोषण शून्याकडे जावे. ४०० नॅनोमीटरला १ सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये शोषणांक १.२ असेल तर धातुरूप सोने सुमारे ०.५ मिलिमोलर असते. आपल्या कलिलासाठी तो ०.६ च्या जवळ यायला हवा. तो फारच कमी आला, तर सोने कणांत न उतरता द्रावणातच किंवा भांड्याच्या भिंतीवर राहिले आहे असे समजावे.

द्रवांची स्वच्छता

या विषयात सर्वाधिक वेळ कशावर द्यावा असे कोणी विचारले, तर माझे उत्तर हेप्टेनच्या शुद्धतेवर असे आहे. सीमेवर जाऊन बसण्याची हौस केवळ सोन्याच्या कणांनाच नसते. हेप्टेनमधील अतिअल्प ध्रुवीय अशुद्धी, ग्रीसचा अंश, हातमोज्यांवरील मळ, या सगळ्यांना तीच जागा हवी असते आणि लहान रेणू असल्यामुळे ते तिथे कणांच्या आधी पोचतात. सीमा अगोदरच व्यापली गेली की आंतरपृष्ठीय ताण उतरतो, कणांची पकड त्या प्रमाणात सैल होते आणि पापुद्रा तुटक येतो.

पाणी १८.२ मेगओहम-सेंटिमीटर रोधकतेचे घ्यावे. बाटलीबंद डिस्टिल्ड वॉटर या कामाला चालत नाही. हेप्टेन ॲल्युमिनाच्या स्तंभातून दोन-तीनदा गाळून घ्यावे. प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये दट्ट्या सहज सरकावा म्हणून सिलिकॉन तेल लावलेले असते, ते थेट आपल्या द्रवात उतरते. म्हणून काचेची सिरिंज वापरावी. ब्युरेटच्या किंवा सेपरेटिंग फनेलच्या तोटीला ग्रीस असेल तर ते भांडे बाजूला ठेवून टेफ्लॉनच्या तोटीचे शोधावे.

प्रयोगशाळेत लोंबत्या थेंबाची ताणमोजणी उपलब्ध असेल, तर शुद्ध पाण्याचा थेंब हेप्टेनमध्ये धरून अर्धा तास वाचन घ्यावे. २० अंश सेल्सिअसला ताण ५० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास येऊन तिथेच टिकला, तर द्रव वापरण्याजोगे आहेत. सुरुवात ५० ला होऊन वाचन हळूहळू ४५, ४२ असे घसरत गेले तर अशुद्धी सीमेवर येत आहे, म्हणून गाळण पुन्हा करावे. हे उपकरण नसलेल्यांनी निदान कोरा प्रयोग करावा. कलिलाऐवजी तेवढेच सायट्रेट असलेले पाणी घ्यावे, हेप्टेन ओतावे आणि ठरलेले इथेनॉल घालावे. मध्ये धूसर पडदा दिसला तर त्याचे श्रेय सोन्याला देता येणार नाही.

हेक्झेनऐवजी हेप्टेन का, याचे उत्तर थोडक्यात देतो. हेक्झेन ६९ अंशांना उकळते आणि मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या प्रयोगशाळेत डोळ्यांदेखत उडून जाते. शिवाय शरीरात त्याचे जे रूपांतर होते ते मज्जातंतूंना अपायकारक असते. हेप्टेन ९८ अंशांना उकळते आणि या बाबतीत अधिक सौम्य आहे. दोन्ही मात्र सारखेच ज्वालाग्राही आहेत.

पापुद्रा बसवणे

पात्र शक्यतो टेफ्लॉनचे घ्यावे. काचेच्या भिंतीवर पाणी वर चढते आणि त्याबरोबर पापुद्राही भिंतीवर चढून वाया जातो; ते क्षेत्रफळ आपल्या हिशेबात नसते. काचेचेच घ्यावे लागले तर ते रुंद असावे, म्हणजे कडेचा वाटा कमी राहील.

पात्रात ७ ते ८ मिलिलिटर कलिल घ्यावे. त्यावर पिपेटचे टोक भिंतीला टेकवून ४ मिलिलिटर हेप्टेन सावकाश सोडावे आणि पेट्री डिशच्या झाकणाने झाकावे. मग सिरिंज पंपाला जोडलेली बारीक टेफ्लॉन नळी हेप्टेनमधून खाली नेऊन तिचे टोक पाण्याच्या थरात ठेवावे आणि मिनिटाला ०.१ ते ०.३ मिलिलिटर या वेगाने इथेनॉल सोडावे. पंप नसल्यास हाताने एकेक थेंब सोडून मध्ये थांबत गेले तरी चालते, पण त्याला धीर लागतो.

सुरुवातीला काहीच घडत नाही. मग सीमेवर तिरप्या प्रकाशात फिकट निळसर-जांभळी बेटे दिसू लागतात, ती एकमेकांकडे तरंगत जातात, जुळतात आणि काही वेळाने वरून पाहता सोनेरी आरसा तयार होतो. तोच पापुद्रा खालून प्रकाश टाकून पाहिला तर निळा दिसतो. कण एकमेकांच्या अगदी जवळ आल्यामुळे त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांची दोलने एकमेकांशी जोडली जातात आणि शोषणाचे शिखर ५२० वरून ६०० ते ७०० नॅनोमीटरकडे सरकते. सीमा भरल्यावर आणखी कण आले तर पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो; सुरकुती दिसताच इथेनॉल थांबवावे.

इथेनॉल एकूण किती लागते याचा एकच आकडा देता येत नाही. कलिलातील मोकळ्या सायट्रेटवर आणि क्षारांवर ते अवलंबून असते आणि पाण्याच्या आकारमानाच्या पाव पटीपासून जवळपास एक पटीपर्यंत जाऊ शकते. आकड्यापेक्षा पाण्याच्या रंगाकडे लक्ष द्यावे. लाल रंग फिकट होत गुलाबी आणि मग जवळजवळ पारदर्शक होत असेल तर काम ठीक चालले आहे. लाल रंग निळा किंवा करडा होऊ लागला, तर कण सीमेवर न जाता पाण्यातच एकत्र येऊन गोळे होत आहेत. बहुतेकदा याचे कारण वेग जास्त असणे हेच असते. असे निळे झालेले कलिल थांबून सुधारत नाही. ते टाकून नव्याने सुरुवात करावी.

इथेनॉलऐवजी हेप्टेनमध्ये डोडेकेनथायॉल घालण्याची किंवा पाण्यात टेट्राब्युटिलअमोनियमचा क्षार घालण्याची पद्धतही प्रचलित आहे. थायॉल कणांच्या पृष्ठभागावर कायमचे बसते आणि त्यामुळे पापुद्रा मजबूत होतो, परंतु पुढे त्याच पृष्ठभागावर दुसरे रेणू बसवून रामन वर्णपट (विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखणारे वर्णपट) मोजायचे असतील तर ते आड येते. टेट्राब्युटिलअमोनियम कणांतील प्रतिकर्षण कमी करते आणि पृष्ठभाग मोकळा ठेवते. पुढचे काम कोणते आहे हे ठरवूनच यांपैकी एक निवडावे.

हिशेब जुळवणे

पापुद्रा बसल्यावर काचेच्या सिरिंजची सुई कडेने पाण्याच्या थरात नेऊन २ मिलिलिटर द्रव काढावा आणि त्याचा शोषणांक ४०० नॅनोमीटरला मोजावा. इथेनॉलमुळे झालेली विरलता गुणून घ्यावी. समजा ८ मिलिलिटर कलिल घेतले होते, म्हणजे ९.५ लाख कोटी कण, आणि त्यांपैकी १० टक्के खालीच राहिले, तर ८.६ लाख कोटी कण वर गेले. पूर्ण भरलेल्या एका थराला ८.९ लाख कोटी लागतात, म्हणजे भागाकार ०.९७ येतो. तो १ च्या वर गेला तर कुठेतरी थरावर थर चढलेच आहेत, मग पापुद्रा कितीही सुंदर दिसो. १ च्या खाली आला तर मात्र तेवढ्यावरून एकच थर आहे असे म्हणता येत नाही, कारण अर्धी जागा रिकामी आणि अर्ध्या जागेत दोन थर असले तरी तोच आकडा येईल. तो संशय सूक्ष्मदर्शकानेच फिटतो. काचेला चिकटलेले कण या हिशेबात सीमेवर गेलेले धरले जातात, हेही ध्यानात ठेवावे.

सूक्ष्मदर्शकासाठी पापुद्रा घन पृष्ठावर उतरवावा लागतो. सर्वांत सोयीचा मार्ग असा, की इथेनॉलने धुऊन यूव्ही-ओझोनने स्वच्छ केलेला सिलिकॉनचा तुकडा कलिल ओतण्यापूर्वीच पात्राच्या तळाशी किंचित तिरपा ठेवावा. प्रयोग संपल्यावर फ्युमहूडमध्ये झाकण अर्धवट उघडून हेप्टेन उडू द्यावे आणि मग सुईने तळाचे पाणी अगदी हळू ओढत जावे, म्हणजे पापुद्रा खाली उतरत तुकड्यावर टेकतो. तुकडा तिरपाच वाळवावा, नाहीतर खाली अडकलेले पाणी वाळताना भेगा पाडते. टीईएमसाठी (नमुन्यातून आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी चित्र घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी) कार्बनचा लेप असलेली ताम्रजाळी चिमट्यात आडवी धरून वरून अलगद टेकवावी.

चित्रे घेताना आधी कमी विशालनावर, जाळीची निदान आठ-दहा घरे पाहून घ्यावीत आणि नंतर मोठे करावे. उलट क्रमाने गेले की सगळ्यात सुबक कोपरा तेवढा प्रबंधात छापला जातो, आणि परीक्षक तोच प्रश्न विचारतात. सिलिकॉनवरील एसईएम (पृष्ठभाग दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) चित्रांतून इमेज-जे या मोफत संगणक-प्रणालीने व्याप्तीची टक्केवारी काढावी आणि ती वरील भागाकाराशेजारी मांडावी. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असेल तर उतरवताना पापुद्रा फाटला, असा अंदाज प्रथम घ्यावा.

टीईएममधील चित्र वाळलेल्या पापुद्र्याचे असते. द्रवावर असताना कण एकमेकांपासून किती दूर होते आणि पाण्यात किती बुडालेले होते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सिंक्रोट्रॉनवरील (अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावरील) क्ष-किरण परावर्तन किंवा गोठवून केलेली मोजणी लागते. झ्युरिच येथील ईटीएच या विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये सीमा वेगाने गोठवून, तेलाचा थर काढून, तिरप्या कोनातून धातूचा लेप देऊन एकेका कणाच्या सावलीवरून संपर्ककोन मोजण्याची पद्धत दाखवली आहे, आणि ती १० नॅनोमीटरपर्यंतच्या कणांना लागू पडते. प्रबंधात ‘संपर्ककोन ९० अंश’ असे लिहायचे असेल, तर असे काही मोजलेले असावे. केवळ पापुद्रा आला म्हणून तो आकडा लिहू नये.

या कामाचे उपयोग वाचायचे असतील, तर पाण्यातील सुवर्णकणांवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री यांच्या गटाने केलेल्या कामापासून सुरुवात करावी. द्रव-द्रव सीमेवरच धातूंचे व ऑक्साइडांचे पातळ थर वाढवण्याचे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील सी.एन.आर. राव यांच्या गटाचे कामही वाचण्याजोगे आहे. विद्युतदाब बदलून सीमेवर कण आणणे व घालवणे आणि त्यातून द्रवाचा आरसा चालू-बंद करणे, हे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील गटाने २०१७ मध्ये दाखवले.

उरलेले लाल कलिल गडद रंगाच्या बाटलीत ४ अंशांना ठेवावे, गोठू देऊ नये. गोठले की कण एकत्र येतात आणि ते पुन्हा लाल होत नाही. वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी वर्णपट घेऊन पहिल्या दिवसाच्या वर्णपटावर ठेवून पाहावा. सोने असलेले सगळे टाकाऊ पाणी वेगळ्या बाटलीत साठवावे, त्यातून सोने परत मिळवता येते. हेप्टेन आणि इथेनॉल सेंद्रिय टाकाऊ द्रवांच्या पिंपात जाईल आणि अम्लराज त्या पिंपाच्या आसपासही जाणार नाही, याची खातरजमा बाटल्यांवर ठळक चिठ्ठ्या लावून करावी.